प्राध्यापकपदाचा अर्ज : एका कागदाची पूर्वपीठिका

तळेगावी खंडेराव दाभाड्यांनी घातलेला व पुढे पेशव्यांनी पुण्यास चालू ठेवून अतोनात वाढविलेला श्रावणमासातील दक्षिणेचा जो प्रघात, त्याचे वर्णन करताना इतिहासकारांची दृष्टी बहुधा खर्चाच्या आकड्यांवर आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात लोटणाऱ्या गर्दीवरच खिळून राहते. परंतु सरसकट मिळणाऱ्या दक्षिणेहून वेगळी, विद्वत्तेचा कस लावून दिली जाणारी जी दक्षिणा होती, तिच्यासाठी दूरदूरचे शास्त्री पुण्याची वाट धरीत, आणि न्याय, व्याकरण, ज्योतिष वा वैद्यक यांतली आपली गती जाणत्या पंडितांपुढे बसून प्रत्यक्ष दाखवीत. विद्वानाने आपल्या विद्वत्तेबद्दल मोबदला मागावा, तो देणाऱ्याने तिची आधी परीक्षा करावी, आणि त्या परीक्षेवर दरसालची प्राप्ती ठरावी, हा सारा व्यवहार तेथे पुरेपूर दिसतो; उणा असतो तो फक्त कागद. उमेदवार कोणत्या गुरूच्या घरी शिकला आणि सभेत विचारलेल्या कोटीला त्याने काय उत्तर दिले, एवढ्यावर निकाल होई. हा निकाल निःस्पृह असे, असे मानण्याचे कारण नाही, आणि ज्या समाजाला त्या रमण्याच्या दारातून आत पाऊल टाकण्याचीच मुभा नव्हती त्याच्या दृष्टीने तर निःस्पृहतेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तथापि ज्याला शिकवावयाचे आहे त्याने आपली विद्या समक्ष दाखवावी, ही अपेक्षा त्या व्यवस्थेने धरली होती, हे तिच्या पदरात टाकले पाहिजे.

पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेचा निधी कंपनी सरकारच्या हाती आला, आणि त्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिन यांनी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे हीच पाठशाळा इंग्रजी शाळेशी एक होऊन १८५१ मध्ये पुणे कॉलेज झाली व १८६८ मध्ये येरवड्यानजीकच्या नव्या इमारतीत गेल्यावर डेक्कन कॉलेज या नावाने नांदू लागली. रमण्यातली दक्षिणा आणि कॉलेजातली दक्षिणा फेलोशिप यांचा निधी एकच होता, ही गोष्ट आज फारशा कोणाच्या ध्यानात नसते. रामकृष्णपंत भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे यांनी प्रथम ज्या नात्याने कॉलेजात शिकविण्याचे काम केले, ते नाते या दक्षिणा फेलोचेच होते.

मुंबईचा मार्ग निराळा होता. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाला तेव्हा नगरवासीयांनी त्याचा पुतळा वा तसबीर एवढ्यावर समाधान न मानता, त्याच्या नावे अध्यापकांच्या जागा निर्माण करण्यासाठी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी उभारला. पैसा मुंबईचा, विद्यार्थी मुंबईचे, पण माणसे निवडावयाची विलायतेत, असा तेव्हाचा शिरस्ता. त्याप्रमाणे १८३५ मध्ये हार्कनेस आणि ऑर्लेबार हे दोघे अध्यापक येऊन दाखल झाले. त्यांच्या हाताखाली बाळशास्त्री जांभेकर साहाय्यक अध्यापक होते. आणि दादाभाई नौरोजी त्याच एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे पूर्ण अध्यापक होईपर्यंत आणखी वीस वर्षांचा काळ लोटावा लागला. या नेमणुकांत उमेदवाराच्या लेखणीपेक्षा वरिष्ठांच्या नजरेचे महत्त्व अधिक होते. जांभेकर किंवा दादाभाई हे संस्थेतच वाढलेले, वरिष्ठांच्या डोळ्यांदेखत तयार झालेले. त्यांना स्वतःची ओळख कागदावर करून देण्याचे प्रयोजनच नव्हते.

विलायतेत मात्र या कागदाला केवढे महत्त्व आले होते याचे एक उदाहरण असे आहे की त्याचा धागा थेट मुंबईच्या पलटणीपर्यंत पोहोचतो. कंपनीच्या मुंबई लष्करातील जोसेफ बोडेन नावाच्या कर्नलाने आपली मिळकत ऑक्सफर्ड विद्यापीठास संस्कृताचे अध्यासन स्थापण्यासाठी दिली होती, आणि हिंदुस्थानातील लोकांच्या ख्रिस्तीकरणास त्या विद्येचे साहाय्य व्हावे असा त्याचा हेतू होता. पहिले अध्यापक विल्सन हे १८६० मध्ये वारल्यावर त्या जागेसाठी मॅक्समुल्लर आणि मोनियर विल्यम्स हे दोघे उभे राहिले. निवड करणार होते विद्यापीठाचे पदवीधर, ज्यांतील बहुतेकांना संस्कृताचे अक्षरही येत नव्हते! तेव्हा दोघांनीही छापील पत्रके काढली, थोरामोठ्यांची प्रशस्तिपत्रे गोळा केली आणि वर्तमानपत्रांतून आपापल्या पक्षाची नावे झळकविली. ऋग्वेदाचे संपादन करणाऱ्या जर्मन पंडिताच्या बाजूस युरोपातील विद्वान उभे राहिले. मोनियर विल्यम्सांनी बोडेनच्या धर्महेतूची आठवण जागती ठेवली आणि गावोगावचे धर्मोपदेशक मतदानासाठी ऑक्सफर्डला आले. ८३३ विरुद्ध ६१० मतांनी मॅक्समुल्लर पराभूत झाले. ज्याला निर्णय करावयाचा आहे त्याच्या मनात काय आहे हे ओळखून लिहिलेला कागद, ज्याला विषय कळतो त्याच्यासाठी लिहिलेल्या कागदावर मात करतो, हे अर्जलेखनातले कटू सत्य त्या निवडणुकीने सिद्ध केले. मोनियर विल्यम्स हे काही अविद्वान गृहस्थ नव्हते, त्यांचा कोश आजही आपल्या मेजावर असतो. पण त्यांना जागा मिळवून दिली ती कोशाने नव्हे.

याच प्रशस्तिपत्रांची पद्धत आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या पिढीने उचलली. जागा रिकामी होणार असल्याचे विश्वसनीयरीत्या कळल्यावरून अर्जदार अत्यंत नम्रपणे आपली सेवा रुजू करू इच्छितो, अशा आरंभाने सुरू होऊन, साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी अर्जदार सदैव ईश्वरापाशी प्रार्थना करील अशा आश्वासनाने संपणारा, आणि तळाशी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ म्हणून सही असलेला जो इंग्रजी अर्जाचा साचा आपल्या कचेऱ्यांतून शतकभर चालला, त्याचा बाह्य वेष विलायती असला तरी अंतरंग पेशवे दप्तरातल्या विनंतीअर्जाचेच होते. हुजुरांचे प्रताप, स्वतःचे दैन्य, कुटुंबाचा पोटापाण्याचा प्रश्न, आणि सरतेशेवटी मागणे, हा क्रम मोडीत लिहिताना जसा होता तसाच तो फुलस्केपवर उतरला. सोबत जोडलेल्या दाखल्यांत तर उमेदवाराची मूर्ती मुळीच दिसत नसे. अमुक तरुण सच्छील, उद्योगी व आज्ञाधारक असून तो जे काम अंगावर घेईल ते समाधानकारक रीतीने पार पाडील अशी माझी खात्री आहे, हे वाक्य इतक्या जणांविषयी लिहिले गेले, की वाचणाऱ्याचे लक्ष त्या वाक्याकडे न जाता केवळ सहीकडे जाई. दाखला म्हणजे सही, आणि सही म्हणजे वशिला, हे समीकरण तेथेच रूढ झाले.

आणि सही नसेल तर विद्वत्तेचे काय होते, याची साक्ष भांडारकरांच्या चरित्रात आहे. मॅक्समुल्लरच्या शिफारशीने मुंबईस आलेले जर्मन पंडित बूलर १८६३ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात होते. ते १८६८ मध्ये शाळाखात्यात गेल्यावर त्यांच्या जागी भांडारकरांनी हंगामी काम केले. ज्यांच्या दोन संस्कृत पुस्तकांवर इलाख्यातील मुलांची पिढी संस्कृत शिकत होती, त्या गृहस्थाला कायम नेमणूक मिळण्यास याहून अधिक कोणता दाखला हवा होता? परंतु १८७३ च्या सुमारास कायमच्या जागेवर विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि भांडारकर त्यांच्या हाताखाली राहिले. पीटरसननी पुढे हस्तलिखितांच्या शोधाचे जे काम केले ते निःसंशय मोलाचे आहे, म्हणून त्यांना दूषण देण्यात अर्थ नाही. दोष व्यवस्थेचा होता. डेक्कन कॉलेजातील संस्कृताचे अध्यापक कीलहॉर्न जर्मनीस परत गेल्यावर १८८२ मध्ये तेथील जागा भांडारकरांकडे आली, तोवर त्यांची पंचेचाळिशी आली होती. पुढे १८९६ मध्ये शिक्षणखात्याचे दोन वर्ग सरकारने कायमचेच पाडले. विलायतेत भरती होणाऱ्यांचा वरचा वर्ग आणि येथे भरती होणाऱ्यांचा खालचा वर्ग, अशी ही विभागणी होती. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनी त्यापूर्वीच गोऱ्यांहून कमी वेतन घेण्याचे नाकारून तीन वर्षे बिनपगारी शिकविले, ते याच भेदाविरुद्ध.

सरकारी जागेचा अर्ज म्हणजे असा अपमानाचा संभव असताना पुण्यात काही तरुणांनी अर्जच करावयाचा नाही असे ठरविले, ही आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील फार मोठी घटना होय. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. तेथे जागेची जाहिरात नव्हती आणि दाखल्यांची मागणीही नव्हती. आजीव सदस्य होणाऱ्याने वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर काम करण्याचे वचन द्यावे आणि आधीच्या सदस्यांनी त्यास पसंत करावे, एवढीच अट. येथे उमेदवार संस्थेपाशी काही मागत नसून देत होता, आणि त्यामुळे सगळा व्यवहारच उलटा झाला. खरा अर्ज करावा लागे तो घरी. गोपाळ गणेश आगरकरांनी मोठ्या पगाराची आशा सोडण्याविषयी आपल्या मातोश्रींना लिहिलेले पत्र महाराष्ट्रात सुप्रसिद्ध आहे, एम. ए. झालेल्या मुलाकडे डोळे लावून बसलेल्या गरीब आईची समजूत घालण्यासाठी लिहिलेले ते पत्र मला तरी कॉलेजच्या जागेसाठी मराठीत लिहिलेल्या सर्व कागदांत अग्रगण्य वाटते.

या पद्धतीत माणसे कशी मिळत याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. १८९० च्या डिसेंबरात संस्थापकांपैकी एक असलेले बाळ गंगाधर टिळक सोसायटीतून बाहेर पडले. सदस्यांनी बाहेरची कामे करून बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, जेझुइट पाद्र्यांच्या निरिच्छ वृत्तीचा जो आदर्श आरंभी समोर ठेवला होता तो सुटला की काय, हा वादाचा मुख्य विषय होता, आणि त्या वेळी टिळकांनी जे सविस्तर राजीनामापत्र लिहिले त्यात संस्थेचा एक दशकाचा इतिहासच आला आहे. जागा सोडताना लिहिलेला मजकूर जागा मागताना लिहिलेल्या कोणत्याही मजकुराहून अधिक टिकाऊ ठरावा, हा त्या संस्थेचा विशेष! टिळक गेल्याने गणिताची बाजू उणी पडली. तेव्हा सोसायटीचे सदस्य गोपाळ कृष्ण गोखले यांना आपल्या एल्फिन्स्टनमधील सहाध्यायाची आठवण झाली. धोंडो केशव कर्वे हे त्या वेळी मुंबईत निरनिराळ्या शाळांतून शिकवून आणि खासगी शिकवण्या करून संसार चालवीत होते, एम. ए.ची पदवी त्यांच्यापाशी नव्हती आणि कॉलेजात शिकविण्याची कल्पनाही त्यांनी केलेली नव्हती. गोखल्यांनी त्यांस पाचारण केले, आणि १८९१ च्या अखेरीस कर्वे फर्ग्युसनमध्ये आले ते १९१४ पर्यंत तेथेच राहिले. कर्व्यांनी अर्ज केला असता तर तो कसा दिसला असता? मुरुडचा मुलगा, साधारण श्रेणीची पदवी, मुलींच्या शाळेतला अनुभव, आणि एकाही थोर इंग्रजाची सही नाही. असा कागद कारकुनाच्या हातून पुढे सरकला असता असे वाटत नाही. पण त्यांच्या सोबत शिकलेल्या माणसाला त्यांची चिकाटी ठाऊक होती, आणि संस्थेला चिकाटीच हवी होती.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसास बोलवावे या रीतीत वर्तुळाबाहेरच्याला प्रवेश कसा मिळावा? त्यागाची अट उदात्त खरी, पण ज्याच्या पाठीशी चार पिढ्यांची विद्या आहे त्यालाच ७५ रुपयांचा त्याग शोभून दिसतो. ज्याच्या घरात पहिलाच पदवीधर झाला त्याच्या दृष्टीने पगार हाच मुख्य प्रश्न असतो. त्या वर्तुळाबाहेरून फर्ग्युसनमध्ये आलेल्यांत धर्मानंद कोसंबींचे उदाहरण अपूर्व म्हणावे लागेल. गोव्यातून घर सोडून निघालेला, शाळेचे शिक्षणही धड न झालेला हा मनुष्य सिंहल-ब्रह्मदेशात भिक्षूंपाशी पाली शिकला. कलकत्त्याची चांगली नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे म्हणून बडोद्याच्या सयाजीरावांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर परत आला. आणि अमेरिकेत हार्वर्डला ग्रंथसंपादनाचे काम करून १९१२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात पालीचा अध्यापक झाला. परीक्षांच्या रकान्यात लिहिण्यासारखे त्याच्यापाशी काहीही नव्हते. विद्यापीठात पाली शिकविण्याची सोय व्हावी असे भांडारकरांसारख्यांना वाटत होते, आणि पाली जाणणारा मनुष्य समोर उभा होता. अर्जाचे काम त्या परिस्थितीनेच केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र अर्जच करावा लागला. १९१३ मध्ये निघालेल्या मुंबईच्या सरकारी सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या अध्यापकाची हंगामी जागा निघाली तेव्हा ते विलायतेतला अभ्यास अर्धवट टाकून परत आलेले होते, आणि बडोद्याच्या नोकरीत राहावयास घरही न मिळाल्याचा अनुभव ताजा होता. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी, तेथे लिहिलेला प्रबंध, भारतातील जातिसंस्थेवरचा १९१७ साली प्रसिद्ध झालेला निबंध आणि लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा १९१८ सालचा निबंध, एवढी सामग्री त्यांच्यापाशी होती. त्या वयाच्या दुसऱ्या कोणा उमेदवारापाशी ती असणे कठीणच. तरीही लंडनमध्ये परिचय झालेले माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचा शब्द त्यांना उपयोगी पडला, असे चरित्रकार सांगतात. नोव्हेंबर १९१८ मध्ये दरमहा ४५० रुपयांवर नेमणूक झाली. पहिल्यापहिल्याने दुर्लक्ष करणारे विद्यार्थी थोड्याच दिवसांत त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करू लागले, आणि त्याच वेळी अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. अर्जाने कॉलेजचे दार उघडले, पाण्याचे भांडे उघडले नाही. १९२० च्या मार्चमध्ये ती जागा सोडून ते पुन्हा लंडनला गेले. आणि पुढे १९४६ मध्ये सिद्धार्थ व १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय उभारून, इतरांच्या अर्जांचा निर्णय करण्याच्या जागी स्वतः बसले.

स्वातंत्र्योत्तर काळात पुणे, मराठवाडा आणि शिवाजी ही विद्यापीठे अनुक्रमे १९४९, १९५८ व १९६२ मध्ये स्थापन झाली, तालुक्यांच्या गावी महाविद्यालये निघाली, आणि अर्ज हा प्रथमच खऱ्या अर्थाने सार्वत्रिक झाला. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत जाहिराती येत. ज्याच्या घराण्यात कोणी कॉलेज पाहिले नव्हते असा तरुण फुलस्केप कागदाला डावीकडे समास दुमडून, स्वदस्तुरात, निळ्याकाळ्या शाईने अर्ज लिही. गुणपत्रिकांच्या नकला टंकलेखकाकडून करवून घेई. त्यांवर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळविण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यापासून तहसील कचेरीपर्यंत खेटे घाली. आणि अखेर नोंदणी टपालाची पावती जपून ठेवी. संस्थेच्या कचेरीत त्यावर आवक क्रमांक पडे. तेथून पुढे तो अर्ज वाचला जाई की अर्जदाराचे आडनाव व गाव वाचले जाई, हे संस्थाचालकांच्या प्रकृतीवर अवलंबून असे. विद्यापीठाचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ, आरक्षणाची बिंदुनामावली या सर्व व्यवस्था त्या प्रकृतीला आवर घालण्यासाठी आल्या, आणि त्यांची निंदा करणाऱ्यांनी आधीचा काळ आठवून पाहावा.

तोच आवर घालता घालता १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा आली, १९९५ पासून महाराष्ट्राची राज्य परीक्षा आली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने तर उमेदवाराचे तक्त्यातच रूपांतर केले. मुलाखतीस बोलावण्यापूर्वी करावयाच्या छाननीत राष्ट्रीय परीक्षेस ८ गुण, संशोधनवृत्तीसह असल्यास १०, राज्य परीक्षेस ५. शिकविण्याच्या प्रत्येक वर्षास २, फार तर १०. आणि प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक शोधनिबंधास २, सर्व मिळून ६ च्या वर नाहीत. या हिशेबाने बाबासाहेबांच्या त्या दोन निबंधांना ४ गुण पडले असते, आणि कोसंबींचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. तक्ता अन्याय करतो म्हणून तो टाकावा असे मी म्हणणार नाही. सिडनहॅमसाहेबांच्या शब्दापेक्षा तो बरा. पण तक्ता भरताना उमेदवारास एक गोष्ट विचारलीच जात नाही, आणि ती म्हणजे या गावच्या या कॉलेजात येऊन तुम्ही कोणते काम करणार. गोखल्यांनी कर्व्यांविषयी, किंवा भांडारकरांनी पालीविषयी जो विचार केला तो नेमका हाच होता. आजच्या उमेदवाराने प्रपत्राच्या सोबत जोडावयाच्या पत्रात त्याचे उत्तर स्वतःहून द्यावे. त्या विभागात कोणता विषय शिकविणारे कोणी नाही, ग्रंथालयात काय आहे, विद्यार्थी कोणत्या घरांतून येतात, हे पाहून लिहिलेले एक पान ढीगभर प्रमाणपत्रांपेक्षा निवड समितीस अधिक सांगते. समिती ते वाचीलच अशी हमी मी देऊ शकत नाही. काही समित्या वाचतात, एवढे सांगू शकतो.

एक गोष्ट मात्र आजच करण्यासारखी आहे. आपल्या महाविद्यालयांच्या सुवर्ण व शतक महोत्सवी ग्रंथांत प्राध्यापकांच्या नामावळ्या असतात, छायाचित्रे असतात, पण ती माणसे कोणत्या कागदाने तेथे आली याचा मागमूस नसतो. नेमणूक झालेल्यांचे अर्ज सेवापुस्तकाबरोबर कोठेतरी बांधलेले असतील; नामंजूर झालेल्यांचे अर्ज मुदतबाह्य म्हणून रद्दीत जातात, आणि वास्तविक कोणाला घेतले याइतकेच कोणाला नाकारले हेही समाजाच्या इतिहासात मोलाचे आहे. म्हणून प्राचार्यांना आणि कुलसचिवांना विनंती आहे की, पन्नास वर्षांपूर्वीची अशी बाडे दप्तरखान्यात असतील तर ती निकाली काढण्याच्या यादीत घालू नयेत. त्यांची नोंद करून ती विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे, अथवा जुनी कागदपत्रे जतन करणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे सोपविण्याविषयी पत्रव्यवहार सुरू करावा.